खाऊ बदलला की खाणारा?

लहानपणी जीव टाकून खाल्लेले एखादे चॉकलेट किंवा बिस्किट मोठेपणी तसे लागत नाही असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्यांचे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कंपन्यांनी माल हलका केला. लोण्याच्या जागी पामतेल आले, साखरेच्या जागी सिरप आले आणि चार पैशांच्या नफ्यासाठी आपले बालपण विकले गेले. दुसरा तट समजुतीच्या, काहीशा वडीलधाऱ्या सुरात सांगतो, की खाऊ तोच आहे, तुम्ही मोठे झालात; जिभेवरच्या रुचिकलिका कमी झाल्या आणि उरलेले काम स्मरणरंजनाने केले. हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की पुढचे वाक्य कोण काय बोलणार ते पाठ झाले आहे, आणि तरीही तो निकाली निघालेला एकदाही पाहिलेला नाही. दोन्ही बाजू एकाच साक्षीदाराभोवती घुटमळत राहतात, हे त्याचे कारण. पहिला तट जिभेची साक्ष काढतो; दुसरा तीच जीभ खोटी पाडतो, आणि ती खोटी पडली म्हणजे उत्पादक सुटला असे गृहीत धरतो. माझे म्हणणे असे, की जीभ हा खरोखरच कच्चा साक्षीदार आहे, पण साक्षीदार कच्चा निघाला म्हणून गुन्हा घडलाच नाही असे कोणतेही न्यायालय मानत नाही. खाऊ बदलला की नाही हा प्रश्न मुळात चवीचा नाही, नोंदीचा आहे; आणि ती नोंद ग्राहकाला पाहता येईल अशी ठेवणे उत्पादकावर बंधनकारक असायला हवे.

दुसऱ्या तटाची बाजू आधी घेतो, कारण ती अधिक भक्कम आहे. गोडाची ओढ जन्मजात असते आणि लहान मुलांत ती मोठ्यांपेक्षा तीव्र असते. कमीजास्त साखर घातलेल्या पाण्याचे पेले समोर ठेवून कोणता आवडला असे विचारले, तर मुले मोठ्यांपेक्षा अधिक गोड पेला निवडतात. फिलाडेल्फियातील मोनेल संशोधन केंद्रात ज्यूली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चाचण्या अनेक वर्षे घेतल्या आहेत. किशोरवयाच्या मध्यावर ही ओढ उतरू लागते, आणि तिचा संबंध हाडांच्या वाढीशी असावा असे दिसते; वाढ थांबत आली की अतिगोडाची मागणीही ओसरते. म्हणजे ज्या गोळीने आठव्या वर्षी स्वर्ग दोन बोटे उरला होता, तीच अठ्ठाविसाव्या वर्षी घशाशी येते, यात गोळीचा काही दोष नसतो. इथे एक किरकोळ दुरुस्ती मात्र करून ठेवतो. ‘मोठेपणी रुचिकलिका मरतात म्हणून चव जाते’ हे वाक्य जितक्या आत्मविश्वासाने टाकले जाते तितके ते खरे नाही. रुचिकलिकांमधल्या पेशी साधारण दहा-बारा दिवसांनी बदलतात आणि हे नूतनीकरण आयुष्यभर चालू राहते. शिवाय आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो, आणि वासाची जाण विशी ते चाळिशीच्या दरम्यान उत्तम शाबूत असते; ती ठळकपणे उतरते ती साठीनंतर. पस्तिशीतल्या माणसाला लहानपणचा खाऊ नकोसा होत असेल, तर त्याची जीभ बोथट झालेली नसते, तिची मागणी बदललेली असते.

त्याहून मोठी अडचण आठवणीची आहे. ओळखीचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येतो, गाण्याची चाल मनातल्या मनात गुणगुणता येते. पण तीस वर्षांपूर्वीची चव जिभेवर परत आणून दाखवा म्हटले तर काय हाती लागते? ‘फार छान होती’ एवढा निकाल लक्षात असतो, तो ज्या पुराव्यावर दिला गेला तो पुरावा उरलेला नसतो. आजच्या घासाची तुलना आपण जुन्या घासाशी करत आहोत असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात ती एका जुन्या निकालपत्राशी चाललेली असते. बरे, तो निकाल तरी निखळ पदार्थावर दिलेला होता का? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकच पदार्थ दोन प्रकारे दिला गेला, एकदा साध्या कागदात आणि एकदा मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनात. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत मुलांना वेष्टनातला घास अधिक चविष्ट लागला. त्यात साधी गाजरेही होती, जी ती कंपनी त्या काळी विकतही नव्हती. ज्या निष्पाप, भेसळविरहित बालजिभेचा हवाला पहिला तट देतो, ती जीभ चौथ्या वर्षीच जाहिरातीच्या खिशात होती.

आणि मग दुर्मीळपणा आहे, ज्याचा या वादात फारसा उल्लेखच होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटांवर जुलै १९४२ मध्ये शिधावाटप लागू झाले. एप्रिल १९४९ मध्ये ते उठवून पाहिले, तर मागणी इतकी उसळली की चार महिन्यांत पुन्हा लावावे लागले, आणि ते कायमचे संपले ५ फेब्रुवारी १९५३ रोजी. त्या दिवशी दुकानांपुढे मुलांच्या रांगा लागल्या. १९४२ नंतर जन्मलेल्या मुलांच्या दृष्टीने गोळी ही कुपनावर मिळणारी वस्तू होती. तिचा कागद सोडण्याआधी ती कितीतरी वेळ हातात फिरवली जात असणार. रांग ओसरल्यावर, गोळी हवी तेव्हा हवी तेवढी मिळू लागल्यावर, तिची चव तीच राहिली का? कारखान्यात काहीही बदलले नसले तरी खाणाऱ्याच्या बाजूने बरेच काही बदललेले होते. प्रत्येक बालपण हे कमीअधिक प्रमाणात शिधावाटपाचेच असते, फक्त कुपने आईच्या हातात असतात. मोठा माणूस आपल्या कमाईने पुडेच्या पुडे आणू शकतो, आणि तिसऱ्या बिस्किटाला ‘पूर्वीसारखी मजा नाही’ म्हणतो. पूर्वी तिसरे बिस्किट मिळतच नव्हते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही.

इतके सगळे मान्य केल्यावर दुसऱ्या तटाला जिंकल्यासारखे वाटेल. पण त्याने नेमके काय सिद्ध केले? खाऊ न बदलताही तो वेगळा लागू शकतो, एवढेच. खाऊ बदललेला नाही, हे त्यातून कुठेच निघत नाही. या दोन विधानांमधली फट इतकी रुंद आहे की तिच्यातून आख्खे कारखाने निघून जातात. स्मरणरंजनाला ज्या नावाने हिणवले जाते तो ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडवला, आणि तो एका रोगाचे नाव म्हणून घडवला. मायदेशापासून दूर असलेल्या स्विस लोकांना होणारा, झुरून झुरून अंथरूण धरायला लावणारा रोग. पुढे शब्दाचा अर्थ मवाळ झाला, पण त्याच्यात मुरलेली वैद्याची नजर काही गेली नाही. रोग्याला बरे करायचे असते, त्याची फिर्याद नोंदवून घ्यायची नसते. आज एखाद्या ग्राहकाला ‘तुम्ही आठवणीत रमता’ असे सांगितले जाते तेव्हाही हेच घडते.

या बाबतीत सगळ्यात बोलके उदाहरण कोका-कोलाचे आहे, आणि ते सहसा अर्धेच सांगितले जाते. २३ एप्रिल १९८५ रोजी कंपनीने जुने पेय बंद करून नव्या चवीचे आणले. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना ते पाजून पाहिले होते आणि निम्म्याहून अधिकांनी नव्याला पसंती दिली होती. तरीही अमेरिकेत असा गहजब झाला, की ७९ दिवसांत जुने पेय ‘क्लासिक’ या नावाने परत आणावे लागले. जुन्यासाठी आंदोलन करणाऱ्यांच्या म्होरक्याला अनौपचारिक चाचण्यांत नाव न सांगता दोन्ही पेये दिली, तेव्हा त्याला ती नीट ओळखता आली नाहीत. गोष्ट इथेच थांबवली तर दुसऱ्या तटाला टाळ्या मिळतात. पण पुढे असे झाले, की परत आलेले पेयही मूळचे नाही, वेगळे लागते, अशी तक्रार पुष्कळांनी केली, आणि ती मनाचे खेळ म्हणून हसण्यावारी नेणे फार सोपे होते. वस्तुस्थिती अशी होती की अमेरिकेतल्या बाटल्यांमध्ये निम्म्या साखरेच्या जागी मक्याचे फ्रुक्टोजयुक्त सिरप घालण्याची मुभा कंपनीने १९८० मध्येच दिली होती, आणि नोव्हेंबर १९८४ पासून साखर पूर्णपणे वगळण्याचीही. म्हणजे लोकांची तक्रार खरी होती, तारीख मात्र चुकली होती. बदल झाला तेव्हा त्यांना कळला नाही, आणि कळला असे वाटले तेव्हा तो केव्हाच होऊन गेला होता. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण ते दोन्ही तटांना एकाच वेळी अडचणीत आणते. जिभेने चुकीच्या दिवशी खरे सांगितले. अशा साक्षीदाराच्या भरवशावर खटला उभा राहत नाही, आणि त्याला वेड्यात काढून मिटवताही येत नाही.

बदल झाला तेव्हा तो का कळला नाही? एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाइपझिगचे शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी वजने उचलायला लावून दाखवले होते, की फरक जाणवण्यासाठी तो मूळ वजनाच्या एका ठरावीक हिश्शाएवढा तरी असावा लागतो. त्याहून लहान फरक हाताला कळतच नाही. चवीच्या बाबतीतही ढोबळपणे असेच घडते. हे तत्त्व माहीत असलेल्या माणसापुढे दोन रस्ते असतात. पहिल्या रस्त्याने ब्रिटनमधले मीठ गेले. तिथल्या बाजारातल्या पावाचे मीठ २००१ ते २०११ या दहा वर्षांत थोडे थोडे करत सुमारे २० टक्क्यांनी घटवले गेले, आणि पाव अळणी झाला म्हणून कोणी रस्त्यावर आले नाही. दुसऱ्या रस्त्याने श्लिट्झ गेली. ही एके काळी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बिअरनिर्मात्यांपैकी एक. सत्तरच्या दशकात तिने खर्च वाचवण्यासाठी आंबवण्याचा काळ कमी केला, सातूच्या माल्टऐवजी काही प्रमाणात मक्याचे सिरप वापरले, आणि असे एकेक फेरफार करत गेली. प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून इतकी जवळ होती की फरक नगण्य वाटावा. पहिल्या आणि शेवटच्या पायरीची तुलना ग्राहकांनी केली, दुकानात न जाऊन. १९८२ मध्ये कंपनी प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. हा खाऊ मुलांचा नव्हे, हे कबूल; पण मुलांच्या खाऊचे गणित वेगळे असण्याचे कारण मला दिसत नाही. उलट मुलांच्या खाऊत उत्पादकाला आणखी एक सवलत आपोआप मिळते. पंधरा वर्षांनी ग्राहकांची एक पिढीच बदललेली असते, नव्या पिढीला तुलनेसाठी काही आठवतच नाही, आणि जुनी पिढी तक्रार करू लागली तर तिला स्मरणरंजनाचा रोग जडलेला असतो.

आता यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. अनेक बदल भल्यासाठी झाले, आणि ते गुपचूप झाले म्हणूनच यशस्वी झाले. कारखान्यात घट्ट केलेल्या वनस्पती तेलांतला ट्रान्सफॅट हृदयाला घातक आहे हे स्पष्ट झाल्यावर डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर मर्यादा घातली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अशी अंशतः हायड्रोजनीकृत तेले सुरक्षित मानता येणार नाहीत असे ठरवले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती जगभरातून हद्दपार करण्याचे आवाहन केले. असंख्य बिस्किटांचा खुसखुशीतपणा याच तेलांवर उभा होता. ती गेली तेव्हा बिस्किट बदलणे अटळ होते, आणि ते बदलले हे चांगलेच झाले. असे बदल वेष्टनावर ओरडून सांगितले असते तर लोकांनी घास तोंडात घालण्यापूर्वीच नाक मुरडले असते; कोका-कोलाचा धडा हाच नाही का? मिठाची गोष्टही तीच सांगते. बदल जाहीर करणे म्हणजे चव बिघडवणे, असा हा युक्तिवाद आहे, आणि तो पोकळ नाही. माझ्या भूमिकेला खरा धोका इथूनच आहे.

परंतु यात घोषणा आणि नोंद यांची गल्लत आहे. दवंडी पिटायला कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या क्राफ्ट कंपनीने आपल्या चीज-मॅकरोनीच्या डब्यातले कृत्रिम रंग काढून त्याऐवजी हळद, पॅप्रिका (लाल मिरचीची पूड) आणि अनाटो (एका झाडाच्या बियांचा केशरी रंग) वापरायचे ठरवले. तसे करणार असल्याचे २०१५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केले होते, पण बदललेला माल डिसेंबरमध्ये बाजारात आणताना काहीही गाजावाजा केला नाही. मार्च २०१६ मध्ये सांगितले, की ५ कोटींहून अधिक डबे विकले गेले आणि फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. हे उदाहरण गुपचूप बदलाच्या बाजूने दिले जाते. मला ते उलट वाटते. डब्याच्या मागे नवी घटकसूची पहिल्या दिवसापासून छापलेली होती. ज्याला वाचायचे त्याला ती वाचता येत होती, ज्याला नुसते खायचे त्याचा घास तिने कडू केला नाही. म्हणजे नोंद आणि शांतता एकत्र नांदू शकतात. उणीव आहे ती एवढीच, की वेष्टन फक्त आजचे सांगते. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, पण मागच्या वर्षी तो क्रम काय होता हे सांगणारे ठिकाण सामान्य ग्राहकाला उपलब्ध नसते. फोनमधल्या क्षुल्लक ॲपचीसुद्धा नवी आवृत्ती आली की काय बदलले याची टीप सोबत येते. मुलांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूला तेवढीही शिस्त नको?

शिवाय गुपचूपपणाचा लाभ फक्त सदिच्छेला मिळतो असे मानण्याला आधार काय? ज्या वाटेने मीठ कमी होते त्याच वाटेने चॉकलेटमधले कोकोबटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, हेही कमी होते. कोकोबटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळते, शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली, आणि म्हणूनच चॉकलेट तोंडात विरघळते. त्याच्या जागी चढ्या तापमानाला वितळणारी स्वस्त चरबी घातली की टाळूला मेणाचा लेप बसल्यासारखे वाटते. युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये काही ठरावीक वनस्पती चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालेल असे मान्य केले, मात्र तसे वेष्टनावर लिहिण्याची अट घातली. ही अट घालताना चॉकलेटप्रेमी भावनाप्रधान असतात असे म्हणून कोणी ती टाळली नाही. आणि फ्रान्सने तर आणखी पुढे पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून तिथल्या मोठ्या दुकानांना, पुड्यातला माल घटला पण त्या प्रमाणात किंमत उतरली नाही अशा वस्तूंजवळ तशी सूचना लावावी लागते. वजन तर पुड्यावर छापलेलेच असते, ते ग्राहकाला स्वतः वाचता येते. तरीही ‘पूर्वी इतके होते, आता इतके आहे’ हे सांगण्याची गरज कायद्याला वाटली. मग जो बदल ग्राहकाला तराजूवरही कळणार नाही, त्याचे ‘पूर्वी’ सांगणे अनावश्यक कसे?

व्यापारी गुपिताचा मुद्दा काढला जातो, पण तो टिकणारा नाही. छापलेली यादी गुपित नसते, जुनी झाल्याने ती गुपित होत नाही. निसर्गाच्या लहरीचा मुद्दा मात्र रास्त आहे. दूध, कोको, गहू हे दर हंगामाला वेगळे येतात आणि चव एकसारखी राखण्यासाठीच कारखान्याला प्रमाणे हलवावी लागतात. तेवढ्या हालचालीची नोंद मागणे हा छळ होईल. पण यादीत नवे नाव आले, जुने गेले किंवा क्रम बदलला, एवढ्याच गोष्टी तारखेसह सार्वजनिक ठेवायला काय हरकत आहे? उत्पादकाचाही त्यात स्वार्थ आहे. २००८ मध्ये श्लिट्झची साठच्या दशकातली बिअर पुन्हा बाजारात आणायचे ठरले, तेव्हा मूळ कृती मालकांच्या अदलाबदलीत हरवलेली होती. जुनी कागदपत्रे चाळून आणि निवृत्त बिअरतज्ज्ञांना विचारून ती जुळवावी लागली. जी चव परत आणायची ती काय होती, हे कंपनीलाही आठवणीच्या आधाराने शोधावे लागले.

तोपर्यंत जिभेचे करायचे काय? माझ्यापुरता मी एक ठोकताळा ठेवला आहे. लहानपणचे सगळेच खाऊ फिके लागू लागले असतील, तर कान स्वतःच्या जिभेचे धरावेत. चार जुने खाऊ जसेच्या तसे लागतात आणि पाचवा मात्र परका वाटतो, असे असेल तर ती तक्रार सहज झटकून टाकू नये, कारण वय वाढले ते पाचांसाठी सारखेच वाढले. त्याचप्रमाणे ‘मजा गेली’ ही तक्रार कच्ची आणि ‘टाळूला चिकटतो’, ‘मोडताना तुटत नाही, वाकतो’ ही तक्रार पक्की समजावी. ठोकताळाच तो, पुरावा नव्हे.

पुरावा मला एकदाच मिळाला, आणि तोही योगायोगाने. शाळेत असताना खुणेसाठी पुस्तकात घालून ठेवलेला एका चॉकलेटचा कागद काही वर्षांपूर्वी हाती लागला, घड्या पडलेला पण अक्षरे शाबूत. त्याच चॉकलेटबद्दल दोन गोष्टी मी शपथेवर सांगत आलो होतो : आता ते फार गोड केले आहे, आणि आता ते मेणचट लागते. दुकानातून आजचे आणून दोन्ही कागद शेजारी ठेवले. साखर तेव्हाही पहिल्या क्रमांकावर होती, आजही आहे. कोकोबटर जिथे होते तिथे आज त्याच्या आधी वनस्पती चरबी आहे, आणि हे नाव जुन्या कागदावर कुठेच नाही. दोन कागदांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. त्यांतल्या कोणत्या वर्षी ते नाव आत शिरले, हे विचारणारे पत्र मी कंपनीला पाठवले होते. उत्तरात त्यांनी माझ्या बालपणीच्या गोड आठवणींबद्दल मनापासून आभार मानले आहेत.